पाहुणी येणार म्हणून पुसलेला फोन

लोक काश्मीरला जाऊन येतात, केरळला जाऊन येतात आणि मग लिहितात. मी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर पाहून आले. सांगलीच्या माझ्या धाकट्या बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिकडे बघायला काय आहे?" मी म्हटलं, लोकांचे फोन. तिने कपाळाला हात लावला. नेदरलँड्समधल्या ज्या छोट्या गावात मी शिकवते, तिथल्या शेजारणीनेही साधारण तेच केलं, फक्त जरा सभ्यपणे.

माझं काम समजावून सांगताना माझीच तारांबळ उडते. फोन उघडला की 'हे बघा, ते बघा' म्हणून जे व्हिडिओ आपोआप पुढ्यात येतात, ते कसं ठरतं आणि त्याचं माणसांच्या घरात पुढे काय होतं, हा माझा विषय. सुरुवात गणितात केली, मग संगणकात गेले आणि शेवटी समाजशास्त्रवाल्यांच्या दारात जाऊन बसले. गणितवाल्यांना मी गप्पिष्ट वाटते, समाजशास्त्रवाल्यांना हिशेबी. धड ना इकडची, धड ना तिकडची. पण या दोन्हींच्या मधल्या बोळात मी इतकी वर्षं काढली आहेत की तिथली प्रत्येक वीट आपल्या ओळखीची आहे अशी माझी समजूत होती. ती समजूत घेऊनच मी जानेवारीत निघाले.

उल्हासनगर

माझी राहायची सोय कॅम्प नंबर चारमध्ये कमलाआंटींकडे केली होती. आंटी सिंधी, वय सत्तरीच्या पुढे, खालच्या मजल्यावर मुलाचं कापडाचं दुकान. दारात पाऊल टाकलं तोच त्यांनी हातात भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास दिला. आमच्याकडे गूळ-पाणी, इथे पापड-पाणी. आमच्या डच गावात पाहुण्याला आधी कोट कुठे टांगायचा ते दाखवतात आणि पाण्याचं ज्याचं त्याने बघायचं असतं.

सकाळी नाश्त्याला दाल-पकवान होतं, म्हणजे डाळ आणि कडक तळलेली मोठी पुरी. पकवान मोडताना त्याचे तुकडे माझ्या मांडीवर, गालिच्यावर उडाले आणि एक थेट आंटींच्या चष्म्यावर. आंटी म्हणाल्या, "हळू तोडायचा, बेटा. पकवान है, पासपोर्ट नहीं." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण त्या स्वतःच इतक्या हसल्या की मीही हसले.

आंटींचा फोन म्हणजे उघडा बाजार. मालिकेतल्या नट्यांची भांडणं, सिंधी भजनं, गुडघ्यांवरचे उपाय, दुबईतल्या कुठल्यातरी लग्नातले दागिने. मी शेजारी बसले आणि त्यांनी सगळं न लाजता दाखवलं. "मला काय लपवायचंय? माझे सगळे उधर गेले," असं म्हणून त्यांनी आढ्याकडे बोट केलं. मला वाटलं, चला, काम सोपं आहे.

घरं शोधून देण्याचं काम वैशालीने केलं होतं. ती उल्हासनगरच्या एका कॉलेजात माध्यमं हा विषय शिकवते, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान आणि कामाला वाघ. लोकांना काय सांगू, असं तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "एवढंच सांग की मॅडम घरी येतील आणि तुमच्याजवळ बसून फोनवर काय काय येतं ते बघतील." हे वाक्य माझं. त्यात वैशालीचा काहीही दोष नाही, हे आधीच लिहून ठेवते.

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी अंबरनाथला शंकराच्या देवळामागच्या एका सोसायटीत गेलो. एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्या पत्नी मीनाकाकू. पोह्यांवर ओलं खोबरं, सोबत लिंबाची फोड, आणि टेबलावर पांढऱ्या रुमालावर ठेवलेला काकूंचा फोन. रुमालावर! एखाद्या देवाला ठेवावं तसा.

काकूंनी फोन उघडला. एकामागून एक स्तोत्रं. मग प्राणायाम. मग गीतेचा अध्याय. मग परत स्तोत्र. मी विचारलं, "रोज हेच बघता?" काकू म्हणाल्या, "हो, हेच. सकाळ-संध्याकाळ." तेवढ्यात काका पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, ती साड्या उलगडून दाखवणारी बाई कुठे गेली? आणि ते खून कोणी केला ते?" काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते परत पेपरात शिरले.

मला सगळा उलगडा झाला. पाहुणी येणार म्हणून काकूंनी जसे पडदे धुतले, सोफ्यावर नवी चादर घातली, तसाच फोनही पुसला होता. जुनं पाहिलेलं काढून टाकलं आणि आदल्या दिवशी दिवसभर चांगलं चांगलं लावून ठेवलं. यंत्र बिचारं काय, जे दिलं ते खाल्लं आणि तेच परत वाढलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या डच गावात लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत. आम्हाला लपवण्यासारखं काही नाही, हे रस्त्यावरून दिसायला हवं म्हणून. तिथे कोणी माझ्यासाठी फोन पुसला नव्हता, पुसावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. आणि इथे मराठी घरातल्या बाईने पाहुणचाराची रीत थेट यंत्राच्या पोटापर्यंत नेली होती. माझ्या पुढच्या निबंधाचं पहिलं पान मला रिक्षातच दिसायला लागलं. शेअर रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धी बाहेर बसले होते, एका हाताने दांडी धरून, आणि गालातल्या गालात हसत होते.

सोनिवली

तिसरं घर बदलापूरजवळ सोनिवलीत होतं. गावातली जुनी कौलारू घरं एका बाजूला आणि त्यांच्यावर वाकून उभे असलेले नवे टॉवर दुसऱ्या बाजूला. एका टॉवरच्या गच्चीवरून मागचे डोंगर इतके जवळ दिसत होते की वाटलं, कुणाच्या तरी बाल्कनीत वाळत घातलेत. खाली सिमेंटच्या गाड्यांची धूळ. सकाळचं धुकं कुठलं आणि धूळ कुठली, ते मला सांगता आलं नसतं.

रंजनाताईंनी दार उघडलं. "जयभीम, मॅडम. या." पन्नाशीच्या आतबाहेरच्या, सडसडीत, इस्त्रीची साडी नेसलेल्या. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर ताजी फुलं. त्यांचे यजमान दिलीपराव आनंदनगरला एमआयडीसीत रसायनांच्या एका कंपनीत कामाला आहेत. त्या दिवशी त्यांची दुसरी पाळी होती, त्यामुळे ते घरीच होते आणि पूर्ण वेळ समोरच्या खुर्चीत बसून होते. दोघं फ्लॅटमध्ये एकटेच. भिंतीवर एका मुलाचा शाळेतला फोटो होता. मी सहज विचारलं, "मुलगा का? काय करतो?" रंजनाताई म्हणाल्या, "चहा आणते." दिलीपराव म्हणाले, "बाहेर असतो." मी पुढे काही विचारलं नाही.

इथेही फोन रुमालावर. इथेही सगळं स्वच्छ. वंदना, इतिहासावरची भाषणं, इंग्रजी बोलायला शिका, घरच्या घरी व्यायाम. मी मनात म्हटलं, आलं, पुसलेल्या फोनचं दुसरं घर आलं! रोज काय बघता, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हेच." दिलीपराव म्हणाले, "छ्या, ती कुठलं हे बघते. स्वयंपाकाचं बघत असते सकाळी." रंजनाताई घाईने म्हणाल्या, "ते कधीतरी."

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती. बोलता बोलता त्या अंगठ्याने पडदा सारख्या खाली ओढत होत्या, म्हणजे नवे व्हिडिओ यावेत म्हणून ओढतात तसा. नवं आलं की झरकन नजर फिरवायच्या आणि परत ओढायच्या. मी ते घाबरण्यात जमा केलं. मॅडमसमोर बसल्यावर बाईचा हात थरथरणारच, असं मला वाटलं. आज ते वाक्य लिहिताना माझे कान तापतात.

निघताना त्यांनी मला डोंगर दाखवायला गच्चीवर नेलं. तिथे त्या काहीतरी विचारणार असं वाटलं, पण मागोमाग दिलीपराव आले आणि त्यांनी डोंगरांची नावं सांगायला सुरुवात केली.

परत उल्हासनगर

वैशालीच्या कॉलेजात माझं व्याख्यान ठेवलं होतं. हॉल भरलेला होता, पंखे जोरात होते आणि माइक मधूनच शिट्टी वाजवत होता. मला बोलायला आवडतं. समोर मुलं असली की जरा जास्तच आवडतं. सुरुवातीलाच मी फोन पुसण्याची गोष्ट काढली.

नावं घेतली नाहीत, गावंही नाही. पण अभिनय केला. पदर खोचून फोन कसा पुसला असेल, तो रुमालावर कसा ठेवला, 'हेच, मॅडम, आम्ही रोज हेच बघतो' हे कुठल्या आवाजात म्हटलं. साड्यांची बाई गायब झाल्याचं सांगितल्यावर हॉल हसून हसून पडला. मग मी म्हटलं, "आणि दुसरीकडे तर मला वाटलं, मी घरात नाही, प्रवचनातच आलेय." परत हशा. दाद मिळाली की माणूस वाहवतो. मी "हेच" हा शब्द दोन-तीन वेळा वेगवेगळ्या सुरात म्हणून दाखवला.

प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं, "मॅम, हम जो देखते हैं, म्हणजे आपण जे बघतो, ते बनवणाऱ्याला कळतं का? मतलब कोण बघतंय ते?"

"नाव नाही कळत," मी म्हटलं. "पण किती जणांनी बघितलं, कुठपर्यंत बघितलं आणि पुष्कळदा कुठल्या शहरातून बघितलं, ते त्याला दिसू शकतं."

कार्यक्रम संपला. समोसे आले. गर्दी ओसरल्यावर शेवटच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि माझ्याकडे यायला लागल्या. इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी. वैशालीने त्यांनाही बोलावलं होतं, कौतुकाने, आणि मला सांगायची ती विसरली होती. त्या रंजनाताई होत्या.

अशा वेळी धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. उल्हासनगरची धरणी घेत नाही, फरशी पक्की आहे. मला वाटलं, आता ऐकवतील. ऐकवलं असतं तर सुटले असते. त्या म्हणाल्या, "छान बोललात, मॅडम. पोरं हसली खूप." आणि पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. "तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आहे. परवा तुम्ही म्हणालात ना, तिकडे मिळत नाही."

डबा हातात धरूनच मी म्हटलं, "रंजनाताई, मी असं बोलायला नको होतं."

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला एक विचारायचंय. पुसलेलं परत येतं का?"

कॅन्टीनच्या मागे

कॅन्टीनच्या मागे एक सिमेंटचा कट्टा आहे, तिथे आम्ही बसलो. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत थोडक्यात सांगते.

त्यांचा मुलगा निखिल. दिलीपरावांनी साहेबांच्या विनवण्या करून त्याला आपल्याच कंपनीत लावलं होतं. कायम होण्याची शक्यता होती. सहा-आठ महिन्यांत त्याने ते सोडलं आणि सांगितलं, मला स्वयंपाकी व्हायचंय. घरात मोठं भांडण झालं. दिलीपराव म्हणाले, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. तो गेला तो गेला, नंबरही बदलला. "तो पण ह्यांचाच पोरगा," रंजनाताई म्हणाल्या. "हट्टाला कमी नाही."

मग एका सकाळी, यजमान पहिल्या पाळीला गेलेले असताना, भाकऱ्या करता करता त्यांनी ओट्यावर फोन लावला होता. स्वयंपाकाचे व्हिडिओ एकामागून एक येत होते. त्यातल्या एकात फक्त हात दिसत होते. चेहरा नाही, बोलणं नाही. त्या हातांनी आमटीला फोडणी दिली, वर ताटली झाकली आणि ती झाकलेली ताटली जात्यासारखी अर्धी फिरवली.

"असं कोण करतं, मॅडम? माझी आई करायची. मी करते. तिसरं कोणी करत नाही. मी नीट बघितलं तर करंगळी वाकडी. क्रिकेट खेळताना मोडली होती, आठवीत."

तेव्हापासून तो रोज यायचा. त्यांनी कधी शोधला नाही, फोनच आणून द्यायचा. त्या भाकरी थापत शेवटपर्यंत बघायच्या, आवाज बंद करून, आणि यजमान यायच्या आत फोन परत जागेवर ठेवायच्या.

"लाइक नाही केलं कधी?" मी विचारलं. "किंवा सेव्ह?"

"लाइक केलं की त्याला माझं नाव दिसेल. ह्यांनी बजावलंय ना, नाव काढायचं नाही म्हणून. मी नाव काढलं नाही. नुसतं बघितलं."

मग मी येणार असं कळलं. मॅडम शेजारी बसून फोनवर काय काय येतं ते बघणार. यजमान समोर असणार. त्यात ते हात आले, आणि मॅडमनी विचारलं, हे कोण? तर काय सांगायचं? म्हणून त्यांनी खालच्या मोबाइलवाल्याकडून सगळं पुसून घेतलं. "मला वाटलं, रोज आपोआप येतो, तर येईल परत. तुम्ही गेलात की येईल. तुम्ही बसला होता तेव्हाही बघत होते, चुकून येतोय का. आला असता तर पंचाईत, आणि येत नव्हता तर जीव खालीवर."

म्हणजे तो अंगठा. मी हॉलमध्ये उभी राहून ज्याची नक्कल केली, ते 'हेच'.

रंजनाताईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "आत त्या पोरीने विचारलं ना, कुठल्या गावातून बघतात ते दिसतं का. तुम्ही म्हणालात, दिसतं. म्हणजे त्याला बदलापूर दिसत होतं?"

"दिसत असेल."

"आणि आता दिसत नसेल."

मी मान हलवली. यंत्र माणसांना कसं जखडून ठेवतं यावर मी आयुष्यभर लिहीत आले. ते एका आईला रोज सकाळी मुलाचे हात आणून देत होतं आणि त्यात माझ्या एका वाक्याने खीळ घातली, हे काही माझ्या कुठल्या निबंधात बसणारं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. साधी, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यावर वाटते तशी लाज.

परत सोनिवली

माझे पुढचे दोन दिवस वास्तविक पुण्यासाठी राखलेले होते. पुण्याला कळवलं की येत नाही आणि दिलीपरावांची पहिली पाळी पाहून सोनिवलीला गेले.

रंजनाताईंच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टूल टाकून मी बसले. खरं तर मला वाटत होतं की माझ्यासारख्या बाईला हे अवघड जाऊ नये. चॅनलचं नाव? "इंग्रजीत होतं, दोन शब्द. वाचता येतं मला, पण लक्ष कुठे दिलं? मी हात बघायचे." गाव? माहीत नाही. मागे स्टीलचं मोठं पातेलं, पांढऱ्या टाइल्स, खिडकी नाही. तशी स्वयंपाकघरं या देशात किती असतील, कोण जाणे.

मी म्हटलं, आपण यंत्राला पुन्हा सवय लावू. त्या सकाळी जशा बघायच्या तशाच बघायला सांगितलं, त्याच क्रमाने, भाकऱ्या करता करता. त्यांनी पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. फोनवर एक बाई मोमो करत होती. मग एक जण फणस कापत होता. मग सुरीला धार लावणारा म्हातारा. मग कुणाचीतरी सोन्याच्या वर्खाची बिर्याणी. प्रत्येक वेळी हात दिसले की रंजनाताईंचा पिठाचा हात हवेतच थांबायचा, आणि एक भाकरी करपली.

मी माझ्या फोनवरही शोधत होते. तमिळ, कन्नड, गुजराती, हिंदी, सगळ्या भाषांत. फोडणी, ताटली, हात. दुपारपर्यंत डोळे चुरचुरायला लागले. "तुमचं तर हेच काम ना, मॅडम?" रंजनाताईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"हेच," मी म्हटलं. आणि आवाज ऐकून दोघीही एकमेकींकडे बघायला लागलो. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

जेवायला त्यांनी वांगं-सुकट केलं होतं. मी आमच्या सांगलीच्या घरात वाढलेली. तिथे असल्या वासाला नाकं मुरडायची आणि ज्यांच्या घरातून तो येतो त्यांच्यावर मागे हसायची पद्धत होती. मी त्यातून बाहेर पडले असं मी सगळ्यांना सांगत असते. दोन वेळा वाढून घेतलं, पोटभर जेवले आणि तरी हॉलमधला तो हशा काही घशाखाली उतरेना. घरात कुणी मोठं, शिकलेलं येणार म्हणून माणसाने आपलं खरं झाकावं, यात हसण्यासारखं काय होतं? आणि हसायला मला तेच का सापडलं?

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी माझं विमान होतं. दारात रंजनाताई म्हणाल्या, "तुम्ही दमलात उगाच." मी त्यांना सांगितलं की रोज बघत राहा, येईल. ही माझी शास्त्रीय सूचना नव्हती. लहान मुलाला सांगतात तशी समजूत होती, आणि ती त्यांनाही कळली होती.

घरी

नेदरलँड्सला बर्फ नव्हतं, नुसता चिखल होता. शेजारच्या बिनपडद्याच्या खिडकीत शेजारीण विणत बसली होती. तिला मी प्रवास कसा झाला ते सांगितलं नाही. निबंधाचं पहिलं पान मी लिहिलं नाही. वैशालीने व्याख्यानाचा व्हिडिओ पाठवला होता, तोही मी उघडला नाही आणि कुठे टाकू नकोस असं तिला कळवलं.

माझा फोन मात्र बिघडला होता, म्हणजे माझ्या कामाच्या भाषेत सुधारला होता. पूर्वी त्यात सभा, भाषणं आणि मांजरं यायची. आता सकाळी उघडला की हात. कांदे चिरणारे, पीठ तिंबणारे, मासे साफ करणारे. सोनिवलीच्या ओट्याशेजारी बसून मी त्याला जे खाऊ घातलं होतं ते तो इमानाने परत देत होता. मी बसची वाट बघताना बघायची, दात घासताना बघायची. रंजनाताईंना रविवारी फोन करायची. त्या म्हणायच्या, "नाही आला." मग आम्ही हवेबद्दल बोलायचो.

महिना उलटून गेला होता. एका सकाळी कॉफी घेताना पांढऱ्या टाइल्स आल्या. स्टीलचं पातेलं आलं. फोडणीत लसूण पडला, आमटी ओतली गेली आणि त्या हातांनी वर ताटली ठेवली. करंगळी वाकडी होती. ताटली जात्यासारखी अर्धी फिरली.

मी कप खाली ठेवला. एवढा वेळ त्या व्हिडिओत फक्त चरचर ऐकू येत होती. मग, ताटलीवर हात तसाच ठेवून, तो बोलला. अवघडलेल्या आवाजात, मराठीत.

"मी कधी बोलत नाही व्हिडिओत. आज बोलतो. बदलापूरवरनं रोज कोणतरी एक जण बघायचं. पूर्ण, शेवटपर्यंत. आता बरेच दिवस झाले, दिसत नाही. कोण ते मला माहितेय. तब्येत बरी आहे ना? एवढंच."

हे वाक्य त्याने पाठवलं एकीला आणि यंत्राने आणून दिलं मला. हजारो मैलांवर, कॉफीच्या टेबलावर. जिच्यामुळे त्याच्या आईचं गाव त्याच्या पडद्यावरून गेलं, तिलाच ते सर्वांत आधी ऐकायला मिळालं. त्या पोराने इतके दिवस काय काय मनात आणलं असेल! आई आजारी आहे, आई रागावली, आई गेली. आणि मी इकडे रविवारी हवेबद्दल बोलत होते.

मी तो दुसऱ्यांदा पाहिला नाही. तो माझ्यासाठी नव्हता. लिंक रंजनाताईंना पाठवली आणि खाली लिहिलं, 'आवाज सुरू करून बघा.'

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी माझा वर्ग सुरू असताना त्यांचा फोन आला. मी मुलांना सांगून बाहेर पडले.

"मॅडम, बघितला."

"हो."

"मला त्याचा आवाज चालू करायला जमेना. पहिल्यांदा बघितलं ते बंदच करून. सवय ना. मग तुमचं खालचं वाचलं आणि चालू केलं. हे बाहेर टीव्ही बघत होते. मला वाटलं, बातम्यांच्या आवाजात काय ऐकू जाणार." मग म्हणाल्या, "टीव्ही बंद झाला. मी तशीच ओट्याशी उभी. आणि बाहेरून म्हणतात, आवाज वाढव जरा."

मी कॉरिडॉरमध्ये उभी होते आणि वर्गातले माझे विद्यार्थी काचेतून बघत होते.

"तुमच्यामुळे सापडला, मॅडम."

"माझ्यामुळेच हरवला होता, रंजनाताई."

"ते पण आहेच," त्या म्हणाल्या. त्यांनी ते पुसलं नाही. मला त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे होते, पण पलीकडून कुणाची तरी हाक ऐकू आली.

"ठेवते हां, मॅडम," त्या घाईने म्हणाल्या. "ह्यांना परत बघायचाय."